६४ ट्रान्सीव्हरचे अँटेना पॅनेल कसे तपासावे: ओव्हर-द-एअर चाचणीची सविस्तर पद्धत

साडेतीन गिगाहर्ट्झच्या अशा ६४ ट्रान्सीव्हरच्या फाइव्हजी पॅनेलमध्ये एका पोलरायझेशनचे (लहरीच्या कंपनाच्या एका दिशेचे) ३२ ट्रान्सीव्हर, म्हणजे सिग्नल पाठवणारी आणि घेणारी सर्किटे, असतात. त्यातले ७ पूर्ण बंद पडले, तर बीमच्या टोकावरची, म्हणजे सर्वांत तीव्र दिशेतली, शक्ती किती घटेल? बीममध्ये बेरीज व्होल्टेजची होते, म्हणून हिशेब २० लॉग (२५/३२), म्हणजे फक्त २.१ डीबी (डेसिबल, शक्तीच्या गुणोत्तराचे लॉग माप). थ्रीजीपीपी या मोबाइल मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या ३८.१०४ या मानकानुसार जाहीर केलेल्या ईआयआरपीमध्ये (अँटेनाचा लाभ धरून बीमच्या दिशेतली शक्ती) ±२.२ डीबी फरक चालतो. म्हणजे एका बाजूचा पाचवा हिस्सा मेलेले पॅनेलही, बाकी सगळे नेमके असेल तर, टोकाच्या चाचणीत पास होऊ शकते. टॉवरवर चढल्यावर मात्र तेच पॅनेल शेजारच्या वापरकर्त्यांच्या दिशेने नको तेवढी शक्ती फेकते आणि चार जणांना एकाच वेळी वेगळे बीम देण्याची त्याची क्षमता कोलमडते.

खालची सगळी पद्धत त्यामुळेच टोकावर थांबत नाही. ॲरेची, म्हणजे पॅनेलवरच्या एलिमेंटच्या (छोट्या अँटेनांच्या) मांडणीची, तब्येत नलमध्ये दिसते, म्हणजे जिथे शक्ती नसायला हवी त्या कोनात.

उदाहरणाला भारतात २०२२ मध्ये लिलाव झालेल्या ३३०० ते ३६७० मेगाहर्ट्झच्या बँडमधले पॅनेल घेतले आहे: १२ ओळी, ८ स्तंभ, दोन तिरकी पोलरायझेशन, एकूण १९२ एलिमेंट. उभ्या रांगेतले ३-३ एलिमेंट एका ट्रान्सीव्हरला जोडलेले, म्हणून ६४ ट्रान्सीव्हर. एकूण शक्ती २०० वॅट, म्हणजे ५३ डीबीएम (१ मिलिवॅटच्या तुलनेत डीबी).

कनेक्टरवरची चाचणी का पुरत नाही

ट्रान्सीव्हर आणि अँटेना यांच्यामध्ये कनेक्टर असलेल्या पॅनेलला मानकात १-एच म्हणतात. पूर्ण बंद, कनेक्टर नसलेले पॅनेल म्हणजे १-ओ, आणि मिलिमीटर तरंगांचे २-ओ. कनेक्टर असेल तर ३८.१४१-१ प्रमाणे केबल लावून बरेच मोजता येते आणि ते आधी उरकावे, कारण ते स्वस्त आणि अचूक असते.

पण ३ एलिमेंटच्या गटातला एक सोल्डर सुटला तर कनेक्टरवर फारसे काही कळत नाही. हवेत मात्र त्या गटाचे क्षेत्र दोन तृतीयांशावर येते, म्हणजे ३.५ डीबी घट. हा दोष फक्त हवेतूनच सापडतो. हवेतल्या चाचणीचे मानक ३८.१४१-२.

चेंबर केवढा हवा

चेंबर म्हणजे बाहेरचे सिग्नल आणि आतले परावर्तन अडवणारी चाचणीची खोली. फार-फील्डचे (जिथे लहरी जवळपास सपाट होतात त्या अंतराचे) नेहमीचे सूत्र: ॲरेच्या सर्वांत मोठ्या लांबीचा वर्ग, गुणिले दोन, भागिले तरंगलांबी. ३.५ गिगाहर्ट्झला तरंगलांबी ८५.७ मिलिमीटर. स्तंभांतले अंतर अर्धी तरंगलांबी आणि ओळींतले ०.७ पट धरले तर आपला ॲरे ०.३४ मीटर रुंद, ०.७२ मीटर उंच, कर्ण ०.८० मीटर. उत्तर येते १४.८ मीटर.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. या अंतरावर ॲरेच्या कडेला २२.५ अंशांची फेजची (लहरीच्या टप्प्याची) चूक उरतेच. टोकाच्या शक्तीसाठी ती नगण्य आहे, नलसाठी नाही. उभ्या कटमधला (उभ्या दिशेत कोन बदलत घेतलेल्या मोजणीतला) पहिला नल या अंतरावर भरून आल्यासारखा दिसतो आणि दोष पॅनेलचा नसताना पॅनेलवर जातो. अंतर दुप्पट केले की ही चूक निम्मी होते. आडव्या कटमध्ये अडचण नाही, कारण ०.३४ मीटर रुंदीला पावणेतीन मीटर पुरतात. म्हणून १५ मीटरच्या चेंबरमध्ये आडव्या कटचे नल विश्वासाने मोजा आणि उभ्या नलवरून कोणताही निवाडा देऊ नका.

पुढच्या पिढीसाठी हा प्रश्न अधिक गंभीर होतो. २०२३ च्या दुबईतल्या जागतिक रेडिओ परिषदेने ७.१२५ ते ८.४ गिगाहर्ट्झचा पट्टा अभ्यासासाठी पुढे ठेवला आहे. तेवढ्याच आकाराचे पॅनेल साडेसात गिगाहर्ट्झला आणले तर फार-फील्ड ३२ मीटरवर जाते. एवढी खोली फार थोड्यांकडे असते. मग दोन मार्ग उरतात. कॉम्पॅक्ट रेंजमध्ये वक्र परावर्तक हॉर्नच्या (कर्ण्याच्या आकाराच्या अँटेनाच्या) गोलाकार लहरी सपाट करतो, त्यामुळे काही मीटरांत फार-फील्ड मिळते. निअर-फील्ड स्कॅनरमध्ये प्रोब (छोटी मोजणी-अँटेना) पॅनेलजवळ फिरवून गणिताने दूरचे क्षेत्र काढतात. उत्पादनाच्या मोड्युलेटेड सिग्नलची चाचणी करायची असेल तर कॉम्पॅक्ट रेंज घ्यावी. निअर-फील्डला प्रत्येक बिंदूची फेज लागते, आणि स्वतःच्या घड्याळावर चालणाऱ्या पॅनेलकडून ती मिळवायला वेगळी संदर्भ-अँटेना व दुसरा रिसीव्हर चॅनेल लागतो. मात्र कोणता एलिमेंट मेला हे चित्रासारखे पाहायचे असेल तर निअर-फील्डला तोड नाही.

सामग्री

दोन अक्षांचा पोझिशनर (कोनाची अचूकता ०.१ अंश किंवा चांगली), दोन पोलरायझेशनचा रिसीव्ह हॉर्न, सुमारे १५ डीबीआय (सर्व दिशांना सारखी शक्ती देणाऱ्या काल्पनिक अँटेनाच्या तुलनेत डीबी) लाभाचा प्रमाणित स्टँडर्ड-गेन हॉर्न, १०० मेगाहर्ट्झ बँडविड्थ पेलणारा सिग्नल ॲनालायझर, सिग्नल जनरेटर, पॉवर मीटर, ३० डीबीचा ॲटेन्युएटर, टॉर्क रेंच, लेझर. रेंच ही चैन नाही: ३.५ मिलिमीटर आणि २.९२ मिलिमीटर कनेक्टर ०.९ न्यूटन-मीटरला आवळायचे असतात. हाताने आवळलेला जोड तापमानासोबत सरकतो आणि दुपारचे आकडे सकाळशी जुळत नाहीत.

ॲटेन्युएटर का, तेही पाहा. एका पोलरायझेशनची शक्ती ५० डीबीएम, ९६ एलिमेंटचा लाभ सुमारे २४.८ डीबी, म्हणजे ७४.८ डीबीएम. १५ मीटरवर मोकळ्या जागेतली घट ६६.९ डीबी, हॉर्नचा लाभ १५. हॉर्नच्या तोंडाशी सरासरी २३ डीबीएम आणि ओएफडीएमची (फाइव्हजीच्या अनेक उपवाहकांच्या सिग्नलची) शिखरे त्याहून ८-१० डीबी वर. ३० डीबीएम ही बऱ्याच ॲनालायझरची सहनशक्तीची मर्यादा असते. ॲटेन्युएटर आधी लावा, पॅनेल नंतर चालू करा.

माणसांसाठीही हाच हिशेब. दोन्ही पोलरायझेशन मिळून पूर्ण बीममध्ये १५ मीटरवर दर चौरस मीटरला सुमारे २० वॅट पडतात. सामान्य लोकांसाठी आयसीएनआयआरपी या प्रारण-संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाची मर्यादा या वारंवारतेला १० आहे. दार उघडताच आरएफ बंद होईल असा इंटरलॉक बसवा आणि तो रोज सकाळी एकदा मुद्दाम तपासा.

रेंजचे कॅलिब्रेशन

१. पॅनेलच्या जागी, नेमक्या फिरण्याच्या अक्षावर, स्टँडर्ड-गेन हॉर्न लावा. त्याला जाणारी शक्ती पॉवर मीटरने केबलच्या टोकाशी मोजा.

२. ३३००, ३४८५ आणि ३६७० मेगाहर्ट्झ या तिन्ही ठिकाणी, दोन्ही पोलरायझेशनसाठी ॲनालायझरवरचे वाचन नोंदवा. ॲटेन्युएटर, स्विच, केबल सगळे चाचणीच्या वेळी असेल तसेच जागेवर ठेवा. टाकलेली शक्ती अधिक हॉर्नचा लाभ वजा वाचन, हा रेंजचा स्थिरांक.

३. रिसीव्ह हॉर्न पाव तरंगलांबी, म्हणजे २१ मिलिमीटर पुढे सरकवा आणि पुन्हा मोजा. वाचन ०.२ डीबीपेक्षा जास्त हलले तर कुठूनतरी परावर्तन येते आहे. बहुतेक वेळा दोषी पोझिशनरचा उघडा धातूचा खांब किंवा जमिनीवरचा काढून ठेवलेला ॲब्सॉर्बरचा (लहरी शोषणाऱ्या फोमचा) तुकडा असतो.

तिसरी पायरी वगळण्याचा मोह होतो, आणि नलच्या चाचणीत त्याची किंमत मोजावी लागते. परावर्तन मुख्य बीमच्या ४० डीबी खाली असेल तर टोकावर ०.१ डीबीही फरक पडत नाही. तेच परावर्तन ३० डीबी खोल नलमध्ये मिसळले की वाचन २.४ डीबी वर किंवा ३.३ डीबी खाली जाऊ शकते.

पॅनेल बसवणे

ॲरेचे केंद्र फिरण्याच्या अक्षावर आणा. ५ सेंटिमीटर सरकलेले केंद्र १५ मीटरवर ०.२ अंशांची चूक देते, ३ मीटरच्या चेंबरमध्ये जवळपास १ अंशाची.

वीज ४८ व्होल्ट डीसी, आणि असे पॅनेल सहज १ किलोवॅट खाते, म्हणजे २१ अँपिअर. पुरवठा २० मीटर दूर असेल तर ४ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलमध्ये जाऊन-येऊन ३.६ व्होल्ट पडतात. १० चौरस मिलिमीटरची केबल घ्या आणि व्होल्टेज पॅनेलच्या टर्मिनलवर मोजा.

चेंबरमध्ये जीपीएस पोहोचत नाही. वेळ बाहेरच्या पीटीपी ग्रँडमास्टरकडून (नेटवर्कवरून अचूक वेळ देणाऱ्या घड्याळाकडून) फायबरने द्या आणि ॲनालायझरलाही त्याच स्रोताचा १० मेगाहर्ट्झ संदर्भ जोडा. फायबर धातूचे कवच नसलेले घ्या आणि भिंतीतून लांब अरुंद धातूच्या नळीतून आत आणा. साधे भोक पाडले तर बाहेरच्या चालू नेटवर्कचा सिग्नल आत येतो आणि रिसीव्हरची संवेदनशीलता बिघडलेली दिसते.

मग थांबा. ॲब्सॉर्बरचा फोम उष्णता अडवतो, त्यामुळे बंद चेंबरमध्ये तापमान तासभर चढत राहते. १० मिनिटांत शक्ती ०.१ डीबीपेक्षा जास्त हलत नाही, तोवर एकही आकडा लिहू नका.

प्रत्येक ट्रान्सीव्हर वेगळा

बीम बनवण्याआधी ३२ ट्रान्सीव्हरची सापेक्ष तीव्रता आणि फेज हवेतून काढा. सोपी पद्धत म्हणजे एक चालू, बाकी बंद. तिची अडचण अशी की बंद ॲम्प्लिफायरचा इम्पिडन्स वेगळा असतो, शेजाऱ्यांमधली कपलिंग (एकाची दुसऱ्यात शिरणारी शक्ती) बदलते आणि पॅनेल थंडही पडते. प्रत्यक्ष कामात कधीच नसणारी स्थिती आपण मोजतो.

त्याऐवजी हादामार्ड पद्धत वापरावी. सगळे ३२ चालू ठेवून, ३२ क्रमाच्या हादामार्ड मॅट्रिक्सच्या (फक्त +१ आणि −१ असलेल्या, परस्पर लंब ओळींच्या तक्त्याच्या) एकेका ओळीप्रमाणे काहींची फेज १८० अंशांनी उलटवा. ३२ वेळा कॉम्प्लेक्स व्होल्टेज मोजा आणि मॅट्रिक्सच्या उलट गणिताने प्रत्येकाचा वाटा वेगळा काढा. उष्णता आणि लोड खऱ्या कामासारखे राहतात, शिवाय गोंगाटात १५ डीबीचा फायदा होतो. पहिल्या ओळीत सगळ्यांची चिन्हे सारखी असतात, त्यामुळे कॅलिब्रेशन बरे असेल तर वाचन एकट्या ट्रान्सीव्हरपेक्षा ३० डीबी वर जाते. ॲनालायझरची रेंज त्या ओळीसाठी आधी ठरवा आणि ३२ मोजणींमध्ये ऑटो-रेंज बंद ठेवा, नाहीतर मधेच ॲटेन्युएटर बदलून फेज उडी मारते.

निकाल ४ बाय ८ च्या जाळीवर मांडून पाहा. तीव्रता ±०.५ डीबी आणि फेज ±५ अंशांत असेल तर कॅलिब्रेशन चांगले समजावे. कडेचे स्तंभ थोडे वेगळे दिसणारच, कारण त्यांना एकाच बाजूला शेजारी आहे. पूर्ण एक स्तंभ सारख्याच कोनाने सरकला असेल तर एखाद्या बोर्डाचे घड्याळ किंवा सिंक बिघडले आहे. एकटा ट्रान्सीव्हर ३.५ डीबी खाली असेल तर वर सांगितलेला सुटलेला सोल्डर शोधा.

टोक, मग नल

टेस्ट मॉडेल एनआर-एफआर१-टीएम१.१ लावा: १०० मेगाहर्ट्झ, ३० किलोहर्ट्झचे अंतर, २७३ रिसोर्स ब्लॉक. बीम समोर ठेवा. टोकाच्या आसपास पाव अंशाने फिरून खरे टोक शोधा. आडव्या दिशेत अर्ध्या शक्तीची रुंदी १२.७ अंशांच्या जवळ यायला हवी, उभ्या दिशेत ६ अंश.

इथल्या दोन चुका पुन्हा पुन्हा होतात. टीडीडी (एकाच वारंवारतेवर आळीपाळीने पाठवणे आणि घेणे) सिग्नल सतत नसतो. गेटिंग (फक्त पाठवण्याच्या वेळेतच मोजणे) न लावता सरासरी घेतली आणि डाउनलिंक (पॅनेलकडून फोनकडे) ७५ टक्के वेळ असेल तर वाचन १.२५ डीबी कमी येते. दुसरी: पॅनेलची पोलरायझेशन ±४५ अंशांची आणि हॉर्नची आडवी-उभी. प्रत्येक पोर्टवर निम्मीच शक्ती येते, म्हणून दोन्ही पोर्टच्या शक्तीची बेरीज वॅटमध्ये करून मग डीबीएम काढा. ३ डीबीची घट दिसली की आधी हेच तपासा.

आता नल. सगळ्यांना समान तीव्रता दिली तर ८ स्तंभांच्या ॲरेचे आडवे नल १४.५, ३० आणि ४८.६ अंशांवर पडतात. कागदावर ते अनंत खोल असतात, प्रत्यक्षात त्यांची खोली चुका ठरवतात. ट्रान्सीव्हरच्या फेजमध्ये ५ अंशांची यादृच्छिक चूक असेल तर सरासरी तळ टोकाच्या ३६ डीबी खाली राहतो. १० अंशांना ३० डीबी आणि २० अंशांना २४ डीबी. त्याच २० अंशांना टोक मात्र केवळ अर्ध्या डीबीने घटते. एक ट्रान्सीव्हर मेला तर टोक ०.२८ डीबीने उतरते, जे मोजमापाच्या गोंगाटात हरवते. नल मात्र ३० डीबीवर अडकतो. सात मेले तर नल २० डीबीच्या आसपास येतो, मग चार्ट पाहणाऱ्या कोणालाही ते कळते.

नलची जागा ०.२५ अंशाच्या पावलाने शोधा आणि डाव्या-उजव्या दोन्ही नलची खोली लिहा. दोन्हीकडे सारखे उथळ असतील तर कॅलिब्रेशन पाहा. फक्त एकाच बाजूचा उथळ असेल तर पॅनेल पोझिशनरवर उलटे टांगून पुन्हा मोजा. दोष बाजू बदलून पॅनेलसोबत गेला तर पॅनेलचा, जागेवरच राहिला तर चेंबरचा.

टीआरपी आणि ईआयआरपी एकत्र वाचा

टीआरपी म्हणजे सर्व दिशांना मिळून बाहेर पडणारी एकूण शक्ती. ५ अंशांच्या जाळीवर पूर्ण गोल घेतला तर सुमारे २६०० बिंदू होतात. प्रत्येकाला ३ सेकंद धरले तर दोन तासांहून जास्त. जाळी यापेक्षा फार विरळ करू नका. तरंगलांबी भागिले ॲरेची लांबी, ही मर्यादा इथे ६.१ अंश येते. बेरीज करताना प्रत्येक बिंदूला ध्रुवापासूनच्या कोनाच्या साइनने गुणायला विसरू नका, कारण ध्रुवाजवळ बिंदू दाटीने येतात.

मग चांगल्या पॅनेलच्या आकड्यांशी तुलना करा. दोन्ही सारख्याच डीबीने घटले तर केबल, रेंजचा स्थिरांक किंवा सगळ्या ॲम्प्लिफायरचा पुरवठा पाहा. ईआयआरपी टीआरपीच्या दुप्पट डीबीने घटला तर ट्रान्सीव्हर मेले आहेत: सात मेल्यास टीआरपी १.०७ आणि ईआयआरपी २.१४ डीबी खाली. टीआरपी जागेवर आणि ईआयआरपीच खाली असेल तर शक्ती बाहेर पडते आहे पण एकत्र येत नाही, म्हणजे फेज चुकली. एवढ्या दोन आकड्यांनी दुरुस्तीचा अर्धा वेळ वाचतो.

सिग्नलची शुद्धता आणि रिसीव्ह बाजू

ईव्हीएमची (आदर्श सिग्नलपासूनच्या विचलनाची) मर्यादा ६४-क्वामला (एका वेळी ६४ पैकी एक चिन्ह पाठवणाऱ्या मोड्युलेशनला) ८ टक्के, २५६-क्वामला ३.५ टक्के. ३.५ टक्के म्हणजे २९ डीबी, म्हणून चेंबरमधल्या दुव्याचे सिग्नल-गोंगाट गुणोत्तर किमान ४० डीबी ठेवा. नाहीतर आपण ॲनालायझरचाच ईव्हीएम मोजत बसतो. शेजारच्या चॅनेलमधली गळती ४५ डीबी खाली हवी, आणि हवेतल्या चाचणीत ती टीआरपीवरून काढायची असते, कारण विकृतीचा बीम मुख्य बीमच्याच आकाराचा असेल असे गृहीत धरता येत नाही.

रिसीव्ह बाजूला संवेदनशीलता संदर्भ चॅनेलवर ९५ टक्के थ्रूपुट टिकण्याच्या पातळीवर ठरते. त्याहून महत्त्वाची आहे रेसिप्रॉसिटी, म्हणजे जाण्याची आणि येण्याची वाट सारखी असणे. टीडीडीमध्ये पॅनेल अपलिंकवरून चॅनेल ओळखते आणि त्यावरूनच डाउनलिंकचे बीम बनवते. हवा दोन्ही दिशांना सारखी असते, पण ट्रान्समिटर आणि रिसीव्हर सारखे नसतात. एकाच दिशेतून प्रत्येक ट्रान्सीव्हरची ट्रान्समिट-फेज आणि रिसीव्ह-फेज मोजा आणि वजाबाकी करा. उत्तर सर्व ३२ ना एकच स्थिर कोन यायला हवे. ज्याचे वेगळे येते तो ट्रान्सीव्हर अनेक वापरकर्त्यांच्या बीममध्ये नल बिघडवतो, जरी त्याचे ट्रान्समिट आणि रिसीव्ह वेगवेगळे तपासले तर उत्तम दिसत असले तरी.

२६ गिगाहर्ट्झला काय बदलते

१६ बाय १६ चा ॲरे इथे फक्त ९२ मिलिमीटरचा, फार-फील्ड सुमारे ३ मीटर. चेंबर लहान होतो, बाकी सगळे कठीण होते. कनेक्टर नसतात. केबल मीटरला २ ते ३ डीबी खाते आणि वाकवली की फेज बदलते, म्हणून डाउन-कन्व्हर्टर हॉर्नच्या पाठीशीच बसवा. ४ बिटचा फेज-शिफ्टर २२.५ अंशांची पायरी घेतो, त्याची स्वतःची सरासरी चूक ६.५ अंश, ६ बिटचा असेल तर १.६ अंश. निअर-फील्ड स्कॅनला प्रोब ५ सेंटिमीटरवर, बिंदूंतले अंतर अर्धी तरंगलांबी म्हणजे ५.८ मिलिमीटर, आणि ६० अंशांपर्यंतचा बीम पाहायचा तर स्कॅनची बाजू २६५ मिलिमीटर. सुमारे २२०० बिंदू, प्रत्येकी दोन पोलरायझेशन. स्कॅन संपल्यावर पहिला बिंदू पुन्हा मोजा. फेज ५ अंशांहून सरकली असेल तर पूर्ण स्कॅन टाकून द्या.

अनिश्चितता आणि उष्ण चाचणी

हॉर्नच्या लाभाची प्रमाण अनिश्चितता ०.२५, क्वाएट झोनची (पॅनेल बसते त्या, परावर्तन कमी असलेल्या जागेची) ०.३, ॲनालायझरची ०.३, जोडांची ०.१५ आणि जुळणीची ०.१ डीबी धरली तर वर्गमूळ-बेरीज ०.५२ येते, ९५ टक्के विश्वासाला १.० डीबी. तुमच्या चेंबरचे हे पाच आकडे स्वतः काढा आणि अहवालात ईआयआरपीच्या शेजारी लिहा.

शेवटची फेरी गरम पॅनेलवर घ्या. नागपूर-चंद्रपूरला मे महिन्यात हवाच ४५ अंशांपुढे जाते, वर पॅनेलच्या पाठीवर ऊन असते. आरएफला पारदर्शक फोमचा डबा पॅनेलभोवती बसवून आतली हवा ५५ अंशांवर न्या आणि शक्ती स्थिर झाल्यावर १४.५ आणि ३० अंशांचे नल पुन्हा मोजा. डबा बसवल्यावर रेंजचा स्थिरांक आधी नव्याने काढा, फोमचीही थोडी घट असते. थंड असताना ३५ डीबी असलेला नल गरम झाल्यावर २५ वर आला, तर आतले कॅलिब्रेशन तापमानासोबत चालत नाही. कॅलिब्रेशनच्या दोन फेऱ्यांमधला कालावधी कमी करून तीच मोजणी परत घ्या. तरीही नल खोल होत नसेल, तर कॅलिब्रेशनच्या कपलरची (थोडासा सिग्नल काढून घेणाऱ्या भागाची) वाट स्वतःच तापून सरकते आहे. मग हादामार्डची मोजणी गरम स्थितीत करून तापमानानुसार दुरुस्तीचा तक्ता पॅनेलमध्ये भरावा लागतो.